ठकुबाईसाठी केलेला डबा

मी लिमिटर, म्हणजे आवाजाला आवर घालणारं यंत्र. नाव परक्या मुलखाचं असलं, तरी जन्म माझा कापूरहोळचा. हायवेच्या जरा आत सोमेश्वर मिस्त्रींचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथला. वेल्ह्याच्या छोट्या रेडिओ केंद्रात मला सगळे 'डबा' म्हणतात आणि मला तेच नाव आपलं वाटतं. मला स्वतःचा आवाज नाही. आजवर माझ्यातून जे गेलं ते दुसऱ्यांचं. आज मात्र थोडं माझं सांगायचं आहे, आणि ठकुबाईंबद्दल बोलल्याशिवाय ते सांगता येणार नाही.

वेल्ह्याच्या बाजारात पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे. भिंतींना आतून जुन्या गोधड्या ठोकलेल्या, खिडकीला दुहेरी सतरंजी. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत ऐकू जाईल एवढंच ते केंद्र. आरती नावाची वेल्ह्याचीच मुलगी ते चालवते. गिरणी बंद झाली की माइक सुरू, असा तिचा रोजचा नेम.

ठकुबाई तोरण्याच्या अंगाला असलेल्या धनगरवस्तीवरच्या. साठी ओलांडलेल्या. घरी सात म्हशी. म्हशी दिवसभर रानात असायच्या आणि पाच वाजले की ठकुबाई अंगणाच्या कडेला उभ्या राहून हाक मारायच्या, "आऽऽ गं रंभेऽऽ! आऽऽ गं चंदेऽऽ!" ती हाक ओढ्यापलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर जाऊन आपटायची. म्हशी माना वर करायच्या आणि आपसूक घराच्या वाटेला लागायच्या. त्यांचे यजमान हैबतीबाबा म्हणायचे, "हिच्या बानं लग्नातच सांगितलं हुतं, पोरीला डोंगर लागंल, खोलीत मावायची न्हाई."

आरतीने त्यांना बाजारात बोलताना ऐकलं आणि धरून केंद्रावर आणलं. दर बाजाराच्या दिवशी पाच वाजता त्यांचा कार्यक्रम ठरला; त्या दिवशी म्हशी गोठ्यातच बांधून त्या यायच्या. म्हशींची दुखणी, रानातल्या भाज्या, पावसाळ्यात चूल कशी पेटती ठेवायची, असं काहीही. सुरुवात मात्र त्या हाकेने.

पण केंद्राचं यंत्र लहान. ठकुबाईंचा आवाज त्याला पेलेना. हाक सुरू झाली की घरोघरच्या रेडिओतून नुसतं खरखर, फाटल्यासारखं ऐकू येई. लोकांचे फोन यायला लागले. आरती म्हणाली, "मावशी, जरा हळू बोलाल का?"

ठकुबाईंनी करून पाहिलं. हळू बोलायला गेलं की त्यांना शब्दच सुचेनात. दोन वाक्यांवर अडकायच्या, पदर चाळवत बसायच्या. शेवटी उठल्या. "बाय, कुनीतरी तोंडावर हात ठिवल्यावानी हुतंय. माज्यानं न्हाई व्हायचं. तू दुसरी कोन तरी बघ."

आरतीने हे सोमेश्वर मिस्त्रींना सांगितलं. केंद्राची सगळी दुरुस्ती तेच करायचे. ते म्हणाले, "बाईला कशाला बदलायची? मधी एक यंत्र बसवू. माणूस बोलंल तसं बोलू दे."

असा माझा जन्म ठरला.

मी आलो तो सुटा सुटा, पिशव्यांमधून. एक हिरवी छापील पट्टी, मसुराच्या दाण्याएवढे रंगीत भाग, तारांची वेटोळी आणि बारीक अक्षरांचा एक कागद. मिस्त्रींनी चष्म्यावर भिंग लावून तो कागद चारदा वाचला. मग एकेक भाग चिमट्यात धरून जागेवर बसवायचा, डाख द्यायचा, फुंकर मारायची. बाहेर ट्रक, एसट्या, ढाब्यांवरची आरडाओरड. आत मिस्त्री श्वास रोखून बसलेले. सहा दिवस लागले. पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा माझ्यातून धूर निघाला. एक भाग उलटा बसला होता. त्यांनी चहा मागवला, तो पिऊन झाल्यावर उलटा भाग सुलटा केला. एका जुन्या, मेलेल्या अॅम्प्लिफायरचा पत्रा कापून त्यांनी मला अंग दिलं. पुढे एक लाल दिवा बसवला.

माझं काम सोपं. माइकमधून आवाज माझ्याकडे येतो, माझ्यातून पुढे यंत्रात जातो आणि तिथून हवेत. आवाज फार मोठा झाला की मी त्याचा वरचा भाग दाबून धरतो, म्हणजे पुढचं यंत्र गडबडत नाही. दाबत असलो की माझा लाल दिवा लागतो.

पहिल्या दिवशी ठकुबाईंनी मला संशयाने पाहिलं. "ह्यो काय करतोय?"

"अक्का, तुमी मोकळ्या बोला," मिस्त्री म्हणाले. "बाकीचं ह्यो बघंल."

त्यांनी हाक मारली. मी अजून ती विसरलेलो नाही. खालून, पोटातून उठली, वळत वळत वर चढली आणि माझ्यावर येऊन आदळली. माझा पत्रा थरथरला. मी जीव खाऊन तिला दाबून धरली. दिवा लालभडक झाला. पाचच मिनिटांत पासली गावातून फोन आला, "आज बाई लई सपष्ट आली." मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आपण कामाला आलो.

अडीच वर्षं अशीच गेली. पुष्कळ माणसं त्या माइकपुढे बसलेली मी पाहिली. पुढारी आधी टकटक करून बघतात. मास्तर घसा खाकरतात. नव्या सुना माइकपासून हातभर लांब बसतात. रानातली माणसं कापताहेत असं दिसलं की आरती माइक बंद करून त्यांना घरच्या जनावरांची नावं विचारते, आणि ती सांगता सांगता त्यांची भीती जाते. पण माझा दिवा खरा पेटायचा तो बाजाराच्या दिवशी, पाच वाजता. मी वाट पाहायचो.

मग माझ्या लक्षात आलं की दिवा लागण्याची वेळ कमी होतेय. आधी पूर्ण हाकभर जळायचा. मग नुसता लुकलुकायला लागला. मग एका बाजाराला हाक आली आणि गेली, दिवा लागलाच नाही. ठकुबाई तशाच बसलेल्या, तसंच हसू, डोक्यावर तसाच पदर. आरतीला वाटलं, मावशींना आता माइकची सवय झाली. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

दसऱ्याच्या आधी मिस्त्री तपासणीला आले. कार्यक्रम चालू असतानाच त्यांनी पाहिलं, दिवा विझलेला.

"डबा बिघडला वाटतं," ते म्हणाले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला उघडलं. एकेक जोड तपासला, एक भाग बदलला, मग माइकजवळ तोंड नेऊन मोठ्याने ओरडले, "हॅलोऽऽ!" माझा दिवा झक्कन लागला. ते थांबले. पुन्हा ओरडले. पुन्हा लागला. मग त्यांनी हळूच मान वळवून ठकुबाईंकडे पाहिलं. त्या पिशवी आवरत होत्या.

"अक्का, घसा बसलाय का?"

"भिजले हुते पावसात."

"कवा?"

"आखाडात."

"आखाड जाऊन दोन महिनं झालं अक्का."

ठकुबाईंनी पिशवी काखेला मारली. मिस्त्रींनी माझं झाकण लावलं, स्क्रू आवळले. मग म्हणाले, "आरती, हिला पुण्याला दावायला पायजे. उद्याच."

पुण्याच्या दवाखान्यात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागेल, असं सांगितलं. ठकुबाई जायला तयार नव्हत्या. "आवाज काडून मी करू काय? म्हशी कोन बोलवंल?" हैबतीबाबांनी खूप समजावलं. शेवटी म्हणे ते एवढंच म्हणाले, "म्हशी न्हाई आल्या तर न्हाई आल्या. तू ऱ्हा."

जायच्या आदल्या दिवशी आरतीने त्यांना आणि हैबतीबाबांना केंद्रावर आणलं. "मावशी, काहीतरी बोला. साठवून ठेवू." ठकुबाईंनी सातही म्हशींची नावं घेतली. मग मुलाचं, सुनेचं, दोन नातवंडांचं. मग पदर सारखा करून, धन्याचं. आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं असावं, कारण बाबा दचकले आणि लाजून खाली बघायला लागले. आवाज नुसता घोगरा, कोरड्या पाल्यासारखा. माझा दिवा लागायचा प्रश्नच नव्हता.

दोन महिन्यांनी त्या वस्तीवर परतल्या. गळ्याशी एक भोक, त्यावर पांढरं फडकं. ओठ हलायचे, आवाज नाही.

म्हशींना हे कोण सांगणार? पाच वाजायचे आणि म्हशी रानातच राहायच्या. हैबतीबाबांनी हाका मारून पाहिल्या, त्यांना म्हशी जुमानेनात. गुडघे धरून ते रोज रान तुडवायचे. एकदा चंदीचं रेडकू मागे राहिलं आणि बिबट्याने नेलं. बाबांचं जेवण तुटलं. वरवे बुद्रुकला कारखान्यात कामाला असलेला त्यांचा मुलगा गोरख सारखा म्हणत होता, म्हशी काढून टाका, माझ्याकडे या.

एके दिवशी बाबा गिरणीचा जिना चढून वर आले. धापा टाकत म्हणाले, "आरती बाय, तिची हाक हाय न्हवं तुमच्याकडं? अडीच वर्साची?"

"आहे ना बाबा. सगळी आहे."

"मंग पाचाला लावत जा. रेडिओवर लावा. म्हशी येतील. कुठं जायाला नको आमाला."

आरतीचे डोळे चमकले. मिस्त्रींना तर एवढा आनंद झाला की त्यांनी दुकान बंद ठेवलं. वस्तीवर एक कर्णा बसवायचा, तो रेडिओला जोडायचा. रोज पाचला केंद्राने हाक लावायची, बाबांनी वर नुसतं बटण दाबायचं. आणि मी? मला अभिमानच वाटला. वाटलं, बाईची हाक मी सांभाळून ठेवली होती, आता ती परत देऊ.

तो दिवस आला. मिस्त्री वस्तीवर, आरती केंद्रात. टेबलावर तिचा फोन, स्पीकर चालू.

"म्हशी दिसतायत का काका?"

"दिसतायत. ओढ्यापल्याड. रंभी म्होरं हाय. बाबा, अक्का, दोगंबी हितंच हायत. लाव."

आरतीने बटण दाबलं. हाक माझ्यातून गेली. फोनमधून ती कर्ण्यावर वाजलेली ऐकू आली. मग नुसता वारा.

"काका?"

"थांब." बराच वेळ. "न्हाई. कुनी मान वर केली न्हाई. पुन्हा लाव."

पुन्हा लावली. पुन्हा वारा.

"कर्णा पुरा सोडलाय," मिस्त्री म्हणाले. "तरी हाक उठत न्हाई. तू तिकडनं वाढव."

आरतीने आवाजाची पट्टी वर सरकवली. आवाज मोठा होऊन माझ्याकडे आला आणि मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, तो दाबला. तिने आणखी सरकवली. मी आणखी दाबला. माझा दिवा लालभडक जळत होता, आणि या वेळी त्यात मला काही आनंद नव्हता. मला सोडून देता येत नव्हतं. मी तसा बांधलेलोच नव्हतो.

मागून हैबतीबाबांचा आवाज आला. "मेस्त्री, हाक चढत न्हाई ओ. तिची खालनं उठून वर जायाची, मंग त्या सोंडंवर आपटायची. ही सपाट चाललीया."

 मग मिस्त्री घाईने म्हणाले, "आरती, डबा काढ मधनं. सरळ जोड."

तिने माझ्या दोन्ही तारा उपटल्या. मी टेबलावर उताणा. हाक मला वगळून गेली.

"तसंच हाय," मिस्त्री म्हणाले. "तसंच." मग त्यांचा आवाज बदलला. "आरती, रेकॉर्डिंगची वायर कुठनं घेतलीस तू?"

"डब्याच्या पुढून काका. जे हवेत जातं तेच साठवायचं, असं तुम्हीच..."

 दोघांनाही एकदमच कळलं. अडीच वर्षांची प्रत्येक हाक माझ्यातून जाऊन मग साठली होती. जिथे ती चढायची, जिथे आदळायची, तो सगळा भाग मी दाबून टाकला होता. भरल्या आवाजाची पूर्ण हाक कुठेच नव्हती. मला तेव्हा वाटलं, फक्त शेवटच्या दिवसाचा घोगरा आवाज मधे दिवा न लागता जसाच्या तसा साठला होता.

"रंभीनं एकडाव वर बघितलं," बाबा म्हणाले. "बघितलं, आन परत चरायला लागली." मग हळू आवाजात, "मेस्त्री, ही तिच्यावानी हाय. ती न्हाई."

महिनाभरात म्हशी गेल्या. सातही जणी एकाच घरी, भोरकडच्या एका गवळ्याकडे, एवढं बाबांनी पाहिलं.

वरव्याला जायच्या दिवशी दोघं केंद्रावर आली. मिस्त्री मुद्दाम कापूरहोळहून आले होते. ते ठकुबाईंच्या पायाशीच बसले. "अक्का, डबा म्या केला. मला कळायला पायजे हुतं. वायर अलीकडनं घेतली असती तर..." 

ठकुबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग ओठ हलवले. आम्ही सगळे हैबतीबाबांकडे पाहत राहिलो.

"ती म्हनतीया," बाबा सांगू लागले, "ती हाक परत रेडिओवर लावू नका." ते थांबले, तिच्या ओठांकडे पुन्हा पाहिलं. "म्हनतीया, रंभीनं वर बघितलं हुतं. कुठं ऐकली आन निघाली, तर येनार कुठं? गोठा मोकळा हाय."

आरती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती हाक त्यानंतर कधी लागली नाही.

मिस्त्रींनी त्याच दिवशी रेकॉर्डिंगची वायर माझ्या अलीकडे जोडली. आता जो येतो त्याचा आवाज आधी पूर्ण साठतो, मग माझ्याकडे येतो. मी अजून इथेच आहे. माझ्यावर पिठाचा पातळ थर असतो, तो आरती अधूनमधून पुसते. कामात चूक होत नाही. पण कुणी मोठ्याने हसलं, कुणी गाताना वर गेलं आणि दिवा लागला, की पूर्वीसारखं वाटत नाही.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात मोठ्या आवाजाचं कुणी असेल, तर त्याला एकदा मोकळ्यावर न्या आणि पूर्ण आवाजात बोलू द्या. जमलं तर साठवून ठेवा. मधे माझ्यासारखं काही ठेवू नका.

इथेच थांबणार होतो, पण परवाचं सांगायचं राहिलं.

दुपारची वेळ. केंद्र बंद, आरती कागद आवरत होती. फोन वाजला. वरव्याहून हैबतीबाबा.

"आरती बाय, ती सुनंसंगट दळान आनायला गेलीया. तेवढ्यात जरा तिचं लावतीस का?"

आरतीने कागद खाली ठेवले. "बाबा, हाक..."

"हाक नगं. नुसतं बोललेलं लाव. कायबी."

तिने जुनं काहीतरी शोधलं आणि फोन स्पीकरजवळ धरला. ठकुबाई पावसाळ्यात व्यालेल्या म्हशीबद्दल सांगत होत्या, शेजारणीला सांगावं तशा. "रेडकू जलमलं की पयलं त्याचं नाक पुसावं. मंग आयला चाटू द्यावं. आपून मदी मदी करू ने..."

साधा, घरगुती आवाज. माझा दिवा एकदाही लागला नाही. एवढ्या साध्या आवाजाला मी कधी हातच लावत नाही. तो तेव्हाही माझ्यातून जसाच्या तसा गेला होता.

फोनवर बाबांचा श्वास ऐकू येत होता. बोलणं संपलं.

"बाबा, आहात का?"

"ही हाय," ते म्हणाले. "ही तीच हाय. पुन्यांदा लाव."

आरतीने पुन्हा लावलं. नाक पुसावं, आयला चाटू द्यावं, इथपर्यंत आलं आणि तिकडे कुठेतरी दाराची कडी वाजली.

"आली ती," बाबा घाईने, हळूच म्हणाले. "ठिवतो."